हरणाऱ्या संघाची नाडी

महाविद्यालयांचे प्रवेश आटोपले, पावसाने जोर धरला, की सूचनाफलकावर क्रीडा विभागाचा एक कागद लागतो. फुटबॉल संघाची निवड अमुक दिवशी सकाळी सात वाजता, इच्छुकांनी बूट व ओळखपत्रासह हजर राहावे. चाळीस-पन्नास मुले येतात, अर्धा तास चेंडूमागे धावतात, सोळा-अठरा नावे निघतात आणि संघ तयार झाला असे समजले जाते. मग चहाच्या टपरीवर चर्चा रंगते. यंदा आपले काय होणार? गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात गारद झालो, यंदा निदान दोन सामने तरी काढू का?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार होतात. आधी नाशिक विभागात खेळायचे. तेथून निवडलेल्यांनी आंतरविभागीय स्पर्धेत पुणे शहर, पुणे जिल्हा आणि अहिल्यानगर या विभागांशी झुंजायचे. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. या शिडीच्या पहिल्याच पायरीवरून घसरणारे संघ दरवर्षी असतात. वाचकहो, आजचा लेख त्यांच्यासाठी आहे. जिंकणाऱ्यांची विचारपूस करायला सगळेच येतात, हरणाऱ्यांची नाडी कोणी बघत नाही.

आरोग्याच्या सदरात फुटबॉल कुठून आला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की अशा संघाच्या पराभवाची कारणे शोधताना आपण नशीब, पंच, मैदानातला चिखल आणि फाटके बूट या सर्वांना दोष देतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' त्यातलाच हा प्रकार. खेळणाऱ्या मुलाच्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे, तो सकाळी काय खाऊन आला, गेल्या वर्षी मुरगळलेला त्याचा घोटा बरा झाला की नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की संघाचा येता मोसम कसा जाईल हे सामन्याच्या दिवशी ठरत नाही. ते त्याआधीच्या आठ आठवड्यांत ठरते, आणि त्यात डावपेचांपेक्षा प्रकृतीचा वाटा मोठा असतो.

चेंडूच्या आधी तालीम

फुटबॉल नाशिकला परका नाही. देवळालीचे तोफखाना प्रशिक्षणाचे स्कूल, नाशिक रोडचे आर्टिलरी सेंटर, देवळालीची बार्न्ससारखी १९२५ पासूनची निवासी शाळा यांमुळे हा खेळ या परिसराच्या ओळखीचा आहे. तरीही फुटबॉलचे नाव निघाले की महाराष्ट्रात बोट जाते ते कोल्हापूरकडे. तिथल्या संघांची नावे पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. म्हणजे जिथे कुस्तीसाठी अंग कमावले जायचे, त्याच तालमींच्या नावाने छत्रपती शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे संघ उतरतात. आधी तालीम, मग चेंडू, हा क्रम त्या नावांतच आला आहे. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

त्याच २०१७ सालच्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने लाखो मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावण्याचा मोठा उपक्रम केला आणि शाळाशाळांतून चेंडू वाटले. चेंडू देणे सोपे होते. त्या चेंडूमागे नव्वद मिनिटे धावू शकणारे पाय कसे घडवायचे, हा प्रश्न तेव्हाही राहिला आणि आजही आहे.

शेवटची वीस मिनिटे

कमकुवत संघाचा सामना नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. पूर्वार्धात तो बरोबरीने खेळतो. एखादा गोलही करतो. मध्यंतरानंतर त्याचे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे राहू लागतात, बचाव करणारे परत यायला उशीर करतात, पास अर्ध्यावर पडतात आणि शेवटच्या वीस मिनिटांत दोन-तीन गोल बसतात. जगातल्या मोठ्या स्पर्धांच्या नोंदींतही उत्तरार्धात, त्यातही शेवटच्या पंधरा मिनिटांत, गोल जास्त झालेले दिसतात. ज्याचा दम टिकतो, त्याच्या पदरात ते पडतात.

चांगल्या दर्जाच्या सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो. त्यात चालणे, हळू धावणे, एकदम झेप घेणे, थांबणे, वळणे असे सारे प्रकार आले. यासाठी स्नायूंना दोन गोष्टी लागतात. एक, रक्तातून येणारा प्राणवायू. दोन, स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन. हा साठा संपत आला की पाय जड होतात, आणि पाय जड झाले की डोकेही मंद होते. चुकीचा पास हा पुष्कळदा बुद्धीचा दोष नसतो, तो थकव्याचा असतो.

आता आपल्या मुलांचे वेळापत्रक पाहा. उन्हाळ्यातल्या परीक्षा, त्यानंतर सुट्टी, गावी शेतीची कामे, लग्नसराई. नियमित व्यायाम सुटला की दोन ते चार आठवड्यांत दम उतरू लागतो, आणि गेलेला दम परत मिळवायला सहा ते आठ आठवडे लागतात. सामन्याच्या पंधरा दिवस आधी सराव सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. त्यातही पंधरा दिवसांत सारे भरून काढण्याच्या घाईने एकदम जोर लावला तर दम येण्याआधी दुखापत येते.

आधी रक्त तपासा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि त्याच वयाच्या मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेले आढळले. म्हणजे दहा मुलांतील तिघांचे रक्त कमी. हेच प्रमाण संघाला लावले तर अकरांतील तिघे सामना सुरू होण्यापूर्वीच अर्धे दमलेले असतात. त्यांना आळशी म्हणून ओरडण्यात काय अर्थ? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

पुरुषांत हिमोग्लोबिन १३ पेक्षा आणि स्त्रियांत १२ पेक्षा कमी असेल तर त्यास रक्तक्षय समजतात. तपासणी साधी आहे. २०२३ साली राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले. महाविद्यालयाने जिल्हा रुग्णालयाला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला पत्र दिले, तर सोळा-अठरा मुलांचे रक्त एका सकाळी तपासून होते. रक्त कमी निघाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या आणि गरज असल्यास जंताचे औषध घ्यावे. गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांत फरक दिसू लागतो, पण शरीरातील साठा भरण्यासाठी त्या काही महिने घ्याव्या लागतात. जुलैत तपासलेल्या मुलाला मोसमात त्याचा फायदा मिळतो. सप्टेंबरात तपासलेल्याला तो मोसम संपल्यावर मिळेल.

आपल्या जिल्ह्याला आणखी एक गोष्ट लागू आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, कळवण या भागांतून पुष्कळ मुले शहरात शिकायला येतात. आदिवासी समाजात सिकलसेलचा दोष आढळतो, आणि २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. सिकलसेलचा केवळ वाहक असलेला मुलगा फुटबॉल खेळू शकतो. त्याला संघाबाहेर ठेवण्याचे काही कारण नाही. मात्र कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम अतिश्रम केले तर त्याला धोका असतो. त्याने सराव हळूहळू वाढवला पाहिजे, भरपूर पाणी प्यायले पाहिजे, आणि त्रास वाटताच त्याला थांबू दिले पाहिजे. तपासणीचा निकाल गुप्त ठेवावा. तो मुलाला आणि डॉक्टरांना कळावा, मुलाची हरकत नसेल तर प्रशिक्षकाला. फलकावर लावण्याची ती गोष्ट नव्हे.

पहाटेची एस.टी. आणि रिकामे पोट

खेड्यातून येणारा मुलगा पहाटेच्या एस.टी.ने निघतो. एक कप चहा आणि एखादे बिस्किट एवढ्यावर तो मैदानावर उतरतो. सराव झाला की पुन्हा चहा, मग तास, आणि दुपारी डबा. वसतिगृहातल्या मुलाची गोष्ट वेगळी नाही. सराव आटोपेपर्यंत खाणावळीचा नाश्ता संपलेला असतो. अशा मुलाच्या स्नायूंत साठा यायचा कुठून?

यासाठी महागडे डबे आणि परदेशी पावडरी नकोत. सरावाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक-दोन केळी किंवा गूळ-शेंगदाणे पुरतात. सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटात काही पडावे. दूध-केळे, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेले अंडे, मोड आलेली मटकी किंवा भिजवलेले हरभरे. आपल्या पश्चिम पट्ट्यातली नागली कॅल्शियमने समृद्ध आहे. नागलीची भाकरी, हुलग्याचे पिठले, पालेभाजी हे गरिबाचे जेवण म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, ते खेळाडूचे उत्तम जेवण आहे. अळिवात लोह भरपूर असते. जेवणाबरोबर लिंबू पिळले किंवा पेरू-आवळा खाल्ला तर अन्नातील लोह अंगी लागते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर ते वाया जाते. म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे.

नाशिकच्या मिसळीवर माझा राग नाही. तिच्यातली मटकी उत्तमच. पण सामन्याच्या तासभर आधी तर्रीदार मिसळ म्हणजे पोटात निखारे घेऊन धावणे. सामन्यापूर्वी तीन तास वरण-भात, पोळी-भाजी, पोहे असे साधे, कमी तेलाचे खावे. मिसळ जिंकल्यावर खावी. हरल्यावर खाल्ली तरी चालेल.

तंबाखूबद्दलही बोलले पाहिजे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. तंबाखूने नाडीचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आकसतात. धाप लागायला आणखी काय हवे? झोपेचेही तसेच. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहून सहाला मैदानावर येणारा मुलगा शरीराने येतो, मनाने नाही. आठ तासांची झोप हे बिनपैशाचे औषध आहे.

आठ आठवड्यांचा हिशेब

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड वीस ते तीस मिनिटे संथ धावावे, इतके संथ की शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात उठाबशा, जोर, पोटाचे व्यायाम आणि छोट्या वेगवान धावा सुरू कराव्यात. सहाव्या-सातव्या आठवड्यात पूर्ण वेळाचे सराव सामने खेळावेत. आठव्या आठवड्यात श्रम कमी करून अंग ताजे ठेवावे. दर आठवड्यातली वाढ थोडीथोडीच असावी आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. चेंडूचा सराव या सर्व काळात चालू राहीलच, पण तो या पायावर उभा राहावा.

सरावापूर्वी अंग गरम करण्याची पद्धतही बदलली पाहिजे. मैदानाला दोन चकरा आणि उभ्या-उभ्या ताण देणे एवढे पुरत नाही. जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, '११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम तयार केला आहे. त्यात धावणे, तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे नीट वळवत उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे असे पंधरा व्यायाम आहेत. नॉर्वेमध्ये किशोरवयीन मुलींच्या संघांवर त्याचा अभ्यास होऊन २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दुखापती सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्या होत्या. या कार्यक्रमाला यंत्रे लागत नाहीत, जागा आणि चेंडू पुरतो. त्यातला एक व्यायाम तर दोघांनी मिळून करायचा आहे. एकाने गुडघ्यांवर उभे राहायचे, दुसऱ्याने मागून त्याचे घोटे घट्ट धरायचे, आणि पहिल्याने पाठ ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. मांडीचा मागचा स्नायू फाटण्यापासून वाचवणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. ज्या संघाकडे राखीव खेळाडू मोजकेच असतात, त्याला तर दुखापत टाळणे हाच खरा डावपेच आहे.

पाणी पिऊ द्या

'खेळताना पाणी पिऊ नका, पोटात दुखेल' हा जुना उपदेश अजून ऐकू येतो. तो सोडून द्यावा. पावसाळा सरता सरता आपल्याकडे ऊन तापते, हवेत दमटपणा असतो आणि घाम वाळत नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घटले तरी खेळ मंदावतो. पन्नास किलोच्या मुलात म्हणजे एक लिटर. सरावापूर्वी आणि नंतर वजन करून पाहावे. एक किलो घटले असेल तर ते पाणीच आहे, चरबी नव्हे. २०१४ च्या ब्राझील विश्वचषकात नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात पंचांनी खेळ थांबवून खेळाडूंना पाणी पिण्याची विश्रांती दिली. जगातले निवडक खेळाडू थांबून पाणी पितात, मग आमच्या मुलांनीच तहान का सोसावी?

लांबलेल्या सरावात एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी उत्तम. चमचा चहाचा घ्यावा. लिंबू पिळले तर चवही येते. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

हिंमत कशाला म्हणायचे

हरणाऱ्या संघात एक वेगळेच दडपण असते. माणसे कमी, म्हणून जखमी मुलालाही उतरवतात. तोही लंगडत खेळतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. इथे आपले मत बदलायला हवे. आधीची अर्धवट बरी झालेली दुखापत हे नव्या दुखापतीचे सर्वांत मोठे कारण असते. घोटा मुरगळला की तेल लावून चोळू नये. खेळ थांबवावा, कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पट्टी बांधावी, पाय उंचावर ठेवावा. पायावर वजन देता येत नसेल तर क्ष-किरण तपासणी करावी. वेदनाशामक गोळी किंवा सुई घेऊन मैदानात उतरणे हा तर मोठा धोका. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला झोपवले म्हणून चोर जात नाही. शिवाय घामाने पाणी घटलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

डोक्याला मार लागून मुलगा क्षणभर जरी बेशुद्ध झाला, गोंधळल्यासारखा वागला, उलटी झाली, तर त्या दिवशी त्याने पुन्हा खेळायचे नाही. मग अंतिम सामना असला तरी. अशा खेळाडूसाठी जादा बदली खेळाडू देण्याची तरतूद २०२४ मध्ये फुटबॉलच्या नियमांतच आली. ताप अंगात असतानाही खेळू नये. पावसाळ्यात डेंग्यूच्या साथी असतात आणि विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची शक्यता असते. चिखलात खरचटते म्हणून धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

हृदयाची गोष्ट सर्वांत गंभीर. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर गोल केल्यानंतर मैदानातच कोसळला आणि गेला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच कोसळला. त्याची छाती ताबडतोब दाबली गेली, विजेचा झटका देणारे यंत्र हाताशी होते, आणि तो वाचला. पुढे तो पुन्हा खेळलाही. आपल्या मैदानाच्या कडेला ते यंत्र नसेल, पण छाती दाबणे शिकलेले दोन हात असू शकतात. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. दरम्यान दुसऱ्याने १०८ क्रमांक फिरवावा. प्रत्येक संघातील निदान चौघांना हे यायला हवे.

आणि निवडीपूर्वी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. धावताना कधी चक्कर येऊन पडलास का? छातीत दुखते किंवा धडधडते का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले आहे का? एकाचेही उत्तर 'हो' आले तर हृदयाचा आलेख काढून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्याला खेळवू नये. इटलीत स्पर्धात्मक खेळाडूंची अशी तपासणी १९८२ पासून कायद्याने सक्तीची आहे. आपल्याला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

मुलींचे काय?

मुलींचा संघ बहुधा सर्वांत शेवटी जमवला जातो आणि त्याच्या वाट्याला उरलेली वेळ येते. रक्तक्षयाचे आकडे पाहता तपासणीची खरी निकड त्यांनाच आहे. पाळीत फार रक्तस्राव होत असेल किंवा सरावाने पाळी बंद पडली असेल तर लपवू नये. पाळी थांबणे हे अन्न कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते आणि त्याने हाडे कमजोर होतात. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाणही मुलांहून अधिक असते, म्हणून वर सांगितलेले वीस मिनिटांचे व्यायाम त्यांच्यासाठी अधिकच मोलाचे. आणि मैदानाजवळ स्वच्छ स्वच्छतागृह हवे. ते नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग खेळायच्या कशा?

संघ मोडू नका

काहींचे म्हणणे असे, की जो संघ दरवर्षी हरतो त्यावर खर्च कशाला? पदके आणणाऱ्या खेळांना पैसा द्यावा. हा हिशेब वरवर पटतो. पण आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. हरसूल भागातल्या सावरपाडा गावच्या कविता राऊतने प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या हाताखाली नाशिकमध्ये सराव केला आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथे नौकानयन शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीत त्याचे पदक हुकले, पण चौघांच्या नावेत त्याने सुवर्ण मिळवले. या दोघांचीही सुरुवात कोणी पदकाची हमी घेऊन केली नव्हती. त्यांना वेळ, नियमित सराव आणि देखरेख मिळाली. आमच्या हरणाऱ्या संघांना यांतले काय मिळते?

महाविद्यालयाच्या संघातली बहुतेक मुले पुढे फुटबॉलपटू होणार नाहीत. ती शिक्षक होतील, द्राक्षबागा पाहतील, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागतील. विशीत लागलेली धावण्याची सवय त्यांना चाळिशीत मधुमेहापासून आणि रक्तदाबापासून दूर ठेवायला मदत करील, आणि विशीत दुर्लक्षिलेला गुडघा त्यांना चाळिशीत जिना चढू देणार नाही. संघ ठेवायचा की मोडायचा याचा विचार करताना प्राचार्यांनी हाही हिशेब मांडावा.

आता टपरीवरच्या प्रश्नाचे उत्तर. यंदा आपल्या संघाचे काय होईल? जो संघ आज रक्त तपासून घेईल, आठ आठवडे नेमाने सराव करील, पोटभर खाऊन आणि पुरेसे झोपून मैदानावर येईल, तो करंडक आणीलच असे मी सांगत नाही. समोरचा संघ वर्षानुवर्षे एकत्र खेळलेला असू शकतो. पण तो सत्तराव्या मिनिटाला उभा असेल, आणि सामना सत्तराव्या मिनिटापर्यंत बरोबरीत ठेवणाऱ्या संघाला संधी मिळतेच. क्रीडा संचालकांनी या मोसमात गोलांबरोबर तीन आकडे वहीत लिहावेत: किती मुलांचे हिमोग्लोबिन वाढले, किती मुले एकही सामना न चुकवता खेळली, आणि शेवटच्या वीस मिनिटांत किती गोल बसले. पहिले दोन वाढले तर तिसरा कमी व्हायला लागेल.

पालकांनी पहाटे निघणाऱ्या मुलाच्या पिशवीत दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे टाकावेत. प्राचार्यांनी जिल्हा रुग्णालयाला पत्र लिहावे. निवडीचा कागद फलकावर लावताना त्याखाली एक ओळ वाढवावी: येताना रक्ततपासणीचा अहवाल आणावा.